मदत हवी आहे: चामड्यावर ठसे टिकतच नाहीत, शनिवारी मुलं येणार

धांदलबाई:
शनिवारी मुलांकडून चामड्याच्या किचेन करून घ्यायच्या आहेत. ठसा ठोकला की खूण दिसते आणि थोड्या वेळात पुसट होऊन गायब. पाणी लावूनही तेच. काल रात्री ठोकून ठोकून शेजारी भांडायला आले. ठसे खराब असतील का? नवीन मागवू? लवकर सांगा.

खटपट्या:
मुलं किती, वयं काय? चामडं कुठलं, जाडी किती? ठोकताना खाली काय होतं?

धांदलबाई:
साधंच चामडं आहे हो. मी ठशांचं विचारतेय.

आरीवाली:
ताई, 'साधं' चामडं असं काही नसतं. हातात कापडासारखं लोळतंय का? मग ते क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं असणार. त्यावर जन्मभर ठोका, ठसा राहायचा नाही. ठशाला झाडाच्या सालीत कमावलेलं, वर रंगाचा थर नसलेलं चामडं लागतं. दुकानात 'व्हेज टॅन' म्हणून मागा. आधी कापलेली कड बघा. मधे निळसर करडं दिसलं तर क्रोम.

रात्रपाळी:
एवढं कशाला? तुकडा जाळा. राख हिरवट आली की क्रोम.

आरीवाली:
मुलांचा वर्ग आहे, शेकोटी नाही. क्रोमचं चामडं जाळू नये, धूर घातक असतो.

रात्रपाळी:
मी कित्येकदा जाळलंय, काही होत नाही.

शिवणकर:
ठसे सोडा, शिवण शिकवा. दोन बोथट सुया, मेण लावलेला दोरा, भोकं घरूनच पाडून न्यायची. मुलं तासभर मान वर करत नाहीत. अनुभव आहे.

खटपट्या:
भोकं तुम्हीच पाडलीत तर मुलांनी केलं काय? खरी मजा तिथेच असते.

शिवणकर:
भोकं पाडायचा फिरत्या चाकाचा, पकडीसारखा पंच दाबायला सात-आठ वर्षांच्या हातात जोर नसतो. शेवटी सगळे पंच आपल्याच हातात येतात.

खटपट्या:
तो पंच कोण म्हणालं? ठोकायचा पंच, खाली प्लास्टिकची जाड फळी, हातात लाकडी मोगरी. लोखंडी हातोडा मात्र नको, पंच आणि ठशांची डोकी चेपतात.

नुसताच_वाचक:
विषय निघालाच आहे तर, कपाटातल्या चामडी बुटांवर पांढरी बुरशी आलीय. काय करू?

आरीवाली:
घराबाहेर नेऊन कोरड्या फडक्यानं पुसा, वाऱ्यावर ठेवा, कडक उन्हात नको. पुढचं वेगळ्या धाग्यात.

धांदलबाई:
कड बघितली. निळसर आहे :( सोफ्याच्या कामातले उरलेले तुकडे फुकट मिळाले होते, ते सांगायचं राहिलं. मुलं १८, वय ६ ते ११. मोठं माणूस मी एकटीच.

शिवणकर:
१८ मुलं आणि तुम्ही एकट्या! हे पहिल्या ओळीत हवं होतं. मग माझी शिवण रद्द. दोरा ओवून देण्यातच दिवस जाईल.

आरीवाली:
ते तुकडे वाया नाहीत. मऊ चामड्याचा बटवा झकास होतो. २० सेंमीचा गोल कापा, कडेपासून दीड सेंमी आत सारख्या अंतरावर भोकं, त्यातून नाडी ओवून ओढली की झालं. सुई नको, नाडीच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळा. सहा वर्षांचंही करेल. भोकं सम संख्येत ठेवा, म्हणजे नाडीची दोन्ही टोकं बाहेर येतात.

खटपट्या:
ठसे ठोकायचेच असतील तर फक्त मोठ्या मुलांना, एका वेळी तिघं. अडीच-तीन मिलिमीटरचं व्हेज टॅन, ओल्या स्पंजनं पुसायचं, रंग परत फिकट व्हायला लागला पण हाताला गार लागतंय तेव्हा ठोकायचं. चिंब असताना ठोकलं तर ठसा फुगून बुजतो. खाली दगडी लादी, तीही टेबलाच्या पायाच्या बरोबर वर. टेबलाच्या मधोमध ठेवलीत तर मोगरी नुसती उसळते. आणि अक्षरांच्या ठशांवर वरची बाजू रंगानं खुणावून ठेवा. हमखास कुणाचं तरी नाव उलटं येतं, मग रडारड.

धांदलबाई:
बटवा ठरला. भोकं मीच पाडणार, खटपट्यादादा रागावू नका. आत्ता एक करून बघितला. मोजण्यात चुकले, १५ भोकं पडली, नाडीचं एक टोक आत राहिलं.

खटपट्या:
शेवटच्या दोन भोकांच्या मधे आणखी एक पाडा.

पाहुणा:
धागा पूर्ण वाचला नाही, पण ठसे नवीनच घ्या.