पश्चिमेला रस्ता, ४० माणसांचं ऑफिस, पुढं काच लावू का नको?

उद्यमबागवाला:
नमस्कार मंडळी, आमचं कास्टिंगच्या डिझाईनचं काम, आत्ता भाड्याच्या शेडमध्ये ४० पोरं-पोरी बसायलेत. बेळगावातच ६ गुंठे जागा घेतलीय, दोन मजली ऑफिस बांधायचंय. रस्ता पश्चिमेला. इंजिनिअरनं पुढची सगळी बाजू काचेची दाखवलीय, दिसतंय झकास पण लाईट बिलाची भीती वाटायलीय. आणि काम कमी झालं तर वरचा मजला भाड्यानं देता यायला पाहिजे. काय करू?

टिळकवाडी_कट्टा:
दादा काच नको!! मी चार वर्षं तसल्याच ऑफिसात होते. साडेतीन वाजले की ऊन थेट स्क्रीनवर, मग मॉनिटरच्या खोक्याचे पुठ्ठे सेलोटेपनं काचेला चिकटवायचे, आणि आत अंधार झाला म्हणून ट्यूबा लावायच्या. खिडकीजवळचा घामाघूम आणि एसीखाली मी स्वेटर घालून. बायकांना आडवं व्हायला एक खोली नाही, डबा जिन्यात बसून खायचा. ते पण नकाशात घाला की.

रेषावाला:
आर्किटेक्ट आहे म्हणून जरा लांबण लावतो. जिना, टॉयलेट, पँट्री, केबलचा डक्ट सगळं पश्चिमेला ढकला, ऊन त्या भिंती खातील आणि माणसं उत्तर-दक्षिण खिडक्यांपाशी बसतील. खिडकीचा वरचा काठ ८ फुटांवर असेल तर कामापुरता उजेड १६ ते २० फूट आत जातो, म्हणून उत्तर-दक्षिण रुंदी ४० फुटांच्या आत ठेवा, दोन्हीकडून उजेड मिळतो. दक्षिणेला छज्जा सगळेच करतात पण आपल्याकडं मे महिन्यात दुपारी बाराचा सूर्य उत्तरेकडं सरकलेला असतो, म्हणून उत्तरेला पण दीड फुटाचा छज्जा पाहिजे.

स्प्लिट एसी बाहेरची हवा आणत नाही, आतलीच फिरवतो. जेवणानंतर पोरं पेंगायला लागतात त्यात एकट्या चपातीचा दोष नसतो, कोंडलेल्या हवेचा पण असतो. बेळगावात वर्षातले कितीतरी महिने खिडक्या उघड्या ठेवून पंख्यावर भागतंय, म्हणून उघडणाऱ्या खिडक्याच घ्या.

भाड्याचं म्हणाल तर आत विटेची भिंत एकपण नको, जिप्समची पार्टिशन, वायरिंग स्लॅबमध्ये न पुरता वरून ट्रेमधनं, प्रत्येक मजल्याला वेगळा मीटर. जिना बाहेरून असला की खालच्यांना त्रास न होता वरचा मजला देता येतोय.

खानापूरकर:
भिंतीला जांभा दगड वापरा, आमच्याकडनं येतोय, लांबून आणायला नको. पण पश्चिमेला उघडा ठेवू नका बा, पाऊस तिरका झोडपतोय, दगड पाणी पितो आणि दोन वर्षांत शेवाळ. तिथं प्लास्टर नाहीतर पडवी. छत २००० चौरस फुटांचं धरलं तर वर्षाला पावसाचं दीड लाख लिटर तरी हाताला लागेल, टॉयलेट-बागेला हातभार लागेल, टाकी आत्ताच खोदून घ्या, नंतर जागा राहत नाही.

उद्यमबागवाला:
ग्रीन सर्टिफिकेट, म्हणजे इमारत पर्यावरणाला धरून आहे असा दाखला, घेऊ का?

रेषावाला:
२५०० चौरस मीटरखालच्या बिल्डिंगला स्वाग्रिहा म्हणून सोपी पद्धत आहे. क्लायंट मागत असेल तर घ्या, नसेल तर तो पैसा चांगल्या खिडक्यांत घाला.

उद्यमबागवाला:
इंजिनिअरला पाठवलं हे सगळं, तो रुसलाय. रिसेप्शनपुरती काच ठेवू म्हणतोय, क्लायंटला दिसायला. त्याच्यावर पडवी काढली तर चालेल काय? आणि किती फूट?

खानापूरकर:
आठ फूट काढा, गाड्या पण भिजायच्या नाहीत.