५ टनी क्रेन, १८०० किलोची लेथ, तरी ट्रकचा जॅक उचलला गेला! मदत हवी आहे

मंडळी, जरा घाई आहे. लेथ (धातू कातायचं मशीन) रस्त्याकडेला ताडपत्रीखाली पडून आहे आणि नागपुरात पावसाने झड लावली आहे.

हिंगणा एमआयडीसीत माझं छोटं वर्कशॉप आहे. जुनी लेथ घेतली, वजन १८०० किलो. केबिनमागे क्रेन बसवलेल्या ट्रकमधून आणली. ऑपरेटर म्हणाला, "भाऊ, पाच टनी आहे, टेन्शन नका घेऊ." हौद्यातून मशीन आरामात उठली. मग कंपाउंडवरून शेडच्या दाराकडे बूम (क्रेनचा लांब होणारा हात) लांबवत गेला. साधारण ६ मीटरवर बझर वाजायला लागला आणि पलीकडचा जॅक (ट्रक कलू नये म्हणून बाजूला काढून जमिनीवर टेकवतात तो पाय) चार बोटं वर! त्याखालची फळी मी पायाने सरकवून पाहिली, सहज सरकली. ऑपरेटर किल्ली फिरवून बझरच बंद करून राहिला होता. मी ओरडलो तेव्हा मशीन खाली टेकवली.

दार क्रेनच्या खांबापासून ७ मीटरवर आहे. बूमवरच्या तक्त्यात पहिलीच ओळ वाचता येते: २.५ मीटर, ५००० किलो. शेडच्या बाजूचा जॅक नालीमुळे अर्धाच बाहेर निघाला होता. क्रेन खराब आहे का? की मोठी बोलावू?

प्रतिसाद:
दादा, क्रेन ठणठणीत आहे, हिशोब चुकला. ५ टन फक्त २.५ मीटरवर, म्हणजे १२.५ टन-मीटर (वजन गुणिले अंतर), तीच तिची मर्यादा. तुमची १.८ टनी मशीन ७ मीटरवर १२.६ होते. त्यात लांबवलेल्या बूमचं, हुकाचं, पट्ट्यांचं वजन वेगळंच. वर ज्या बाजूला ओझं, त्याच बाजूचा जॅक अर्धा! गाडी त्याच्यावरच कलते, तो जितका आत तितकी लवकर. बझर बंद करून बूम अजून लांबवला असता तर ट्रक तुमच्या कंपाउंडवर आडवा झाला असता.

मोठी क्रेन कशाला? ट्रक गेटला लावा, दोन्ही बाजूंचे जॅक पूर्ण उघडतील अशी जागा बघा, मशीन ३ मीटरच्या आत उतरवा. पुढे पाइपांवर ढकलत न्या. आणि आपली काळी माती पावसात लोण्यासारखी होते, फळ्या नका ठेवू, जॅकखाली जाड स्लीपर (लाकडी ओंडके) आडवे-उभे रचा.

धागाकर्ता:
गेटपासून आत काँक्रीटच आहे, जमेल. उचलताना मशीन एका बाजूला झुकत होती, ते का?

प्रतिसाद:
हेडस्टॉककडे (जॉब फिरवणारं गिअरचं टोक) वजन जास्त असतं. पट्टा त्या बाजूला सरकवा, टेलस्टॉक (दुसऱ्या टोकाचा सरकता भाग) आवळून ठेवा, आधी वीतभरच उचलून बघा. लीड स्क्रूखाली (पुढचा आट्यांचा लांब दांडा) पट्टा अडकवू नका, वाकला की लेथ भंगारात. पाइप दोन इंची, सहा-सात लागतील. मागचा निघाला की पुढे ठेवायचा, पण मशीन थांबल्यावरच. याच कामात माझ्या हेल्परची दोन नखं गेली आहेत.