मेलानोमा पसरण्यात विकरांचा वाटा

प्रश्न: मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगाच्या पेशी रक्तवाहिन्यांपर्यंत पोहोचतात, त्यात विकरांचे (एन्झाइमांचे) नेमके काम काय, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १: बाह्यत्वचेखाली चौथ्या प्रकारच्या कोलॅजन या प्रथिनाचे पातळ आधारपटल असते, रेणूत जस्त असलेली एमएमपी-२ आणि एमएमपी-९ ही विकरे ते तोडतात आणि पेशींना खोलवर उतरायला वाट मिळते.

प्रतिसाद २: मग ही विकरे रोखणारे औषध का नाही?

प्रतिसाद १: मारिमास्टॅट हे तसे औषध कर्करोगावर वापरून पाहिले, पण रुग्णांचे सांधे आखडू लागले आणि अपेक्षित गुणही आला नाही. जखम भरण्यासाठी हीच विकरे लागतात, त्यामुळे सरसकट बंदी परवडत नाही.

प्रतिसाद ३: बीरॅफ हेही विकरच, पण ते पटल तोडत नाही, पेशींना वाढीचा संकेत पोहोचवते. सुमारे निम्म्या मेलानोमांत त्याचे जनुक बदललेले असते. त्याला रोखणाऱ्या वेमुराफेनिब या औषधाला अमेरिकेत २०११ मध्ये मान्यता मिळाली. माझ्या मते खरा पल्ला तिथेच गाठला गेला.