मागचे ॲक्सल शाफ्ट: २७ स्प्लाइन की ३०?

प्रश्न: ऑफ-रोड गाडी, ३५ इंची टायर, मागे लॉकर (दोन्ही चाकं एकत्र फिरवणारा भाग). शाफ्ट (चाक फिरवणारा दांडा) काढला तर स्प्लाइनना (त्याच्या टोकावरच्या दात्यांना) पीळ पडलेला दिसतोय. क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाचे) शाफ्ट २७ स्प्लाइनचेच घ्यावेत का?

उत्तर १: पीळ पडला म्हणजे शाफ्ट बाद, परत बसवू नका. ३० घ्या, ते जाड असतात. पीळ सोसायची ताकद व्यासाच्या घनाप्रमाणे वाढते. व्यास १० टक्के जास्त, तर ताकद ३३ टक्के जास्त. मात्र लॉकरही ३० स्प्लाइनचाच लागेल.

उत्तर २: ४३४० पोलादाचे (क्रोमोलीचाच एक प्रकार) बघा. सील, बेअरिंग नवंच टाका. शाफ्ट आत घालताना उचलून धरा; स्प्लाइन सीलच्या ओठावर घासली की तेल थेट ब्रेकवर येतं.

उत्तर ३: शाफ्ट मजबूत झाले की ताण क्राउन-पिनियनवर (ॲक्सलमधल्या मुख्य गिअरच्या जोडीवर) जाईल. चाक अडकलं असताना ॲक्सिलरेटर दाबू नका, विंच (दोराने गाडी ओढून काढणारं यंत्र) लावा.