स्वतःचं दुकान, कंपनीचा विमा नाही: घरच्या पाच जणांची पॉलिसी कशी घ्यावी?

सांगलीकर_४१
मी ४१, बायको ३७, मुलं १२ आणि ८, आई ६७. आईला मधुमेह आणि बीपी, दोन्हीच्या गोळ्या चालू. एजंट पाचही जणांचा मिळून ५ लाखांचा फ्लोटर (सगळ्यांनी मिळून वापरायची एकच विमा रक्कम) घ्या म्हणतोय. त्यात खोलीभाडं 'विमा रकमेच्या १ टक्का' असं लिहिलंय. त्याने फारसं बिघडत नाही ना? आणि आईची शुगर फॉर्मात लिहू नका, असंही तो सांगतो.

बिलाची_चिरफाड
बिघडतं. १ टक्का म्हणजे रोजचे ५,००० रुपये. समजा ८,००० ची खोली घेतली, तीन दिवस राहिलात. बिल असं: खोली २४,०००, सर्जन-भूलतज्ज्ञ-ऑपरेशन थिएटर १,२०,०००, औषधं आणि तपासण्या ४०,०००. लोकांना वाटतं, खोलीचे वरचे ९,००० आपण भरू, झालं. पण सर्जन आणि थिएटरचे पैसेही ५/८ च मिळतात, कारण हॉस्पिटलात भारी खोलीबरोबर हे दरही चढतात. तिथे ४५,००० कापले जातात. एकूण ५४,००० खिशातून. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणशीर कपात लावता येत नाही, आयसीयूच्या खर्चालाही नाही. तरी कपात लागलीच तर डिस्चार्जच्या कागदावर नजर टाका, कधीकधी सरसकट लावलेली असते.

खोलीभाड्याला मर्यादा नसलेली किंवा निदान 'सिंगल प्रायव्हेट रूम' लिहिलेली पॉलिसी घ्या. त्यासाठी थोडा प्रीमियम जास्त गेला तरी चालेल. आणि सांगली-मिरजेतल्या ज्या दोन-तीन हॉस्पिटलांत तुम्ही खरोखर जाल, ती कॅशलेस यादीत आहेत का, हे कंपनीच्या साइटवर स्वतः बघा.

मिरज_डेस्क
आईंना फ्लोटरमध्ये घालू नका. फ्लोटरचा प्रीमियम घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाच्या वयावर ठरतो, म्हणजे तुम्हा चौघांचं गणितही ६७ वर्षांवर जातं. वर त्यांच्या एका मोठ्या आजारपणात सगळ्यांची रक्कम संपते. चौघांचा वेगळा फ्लोटर, आईंची स्वतंत्र पॉलिसी.

आता शुगर. लिहायचीच. जाहीर केलेल्या जुन्या आजारासाठी प्रतीक्षा (तोवर त्या आजाराचा क्लेम मिळत नाही) जास्तीत जास्त ३६ महिने, एप्रिल २०२४ पासूनचा नियम आहे. लपवलंत तर हॉस्पिटलच्या केसपेपरवर डॉक्टर 'मधुमेह, १० वर्षे' असं लिहितो आणि तो कागद क्लेमसोबतच जातो. मग क्लेम नाकारतात, पॉलिसीही रद्द होऊ शकते. फॉर्म एजंटने भरला तरी जबाबदारी तुमचीच. ओटीपी सांगण्याआधी फॉर्म ओळन्‌ओळ वाचा.

नियमावाला
वरच्याला पुरवणी. पाच वर्षं सलग पॉलिसी चालली की माहिती लपवल्याच्या कारणावरून क्लेम अडवता येत नाही, हे खरं. एजंट त्याच भरवशावर बोलतात. पण फसवणूक सिद्ध झाली तर ती सूट नाही, आणि पहिली पाच वर्षं तुम्ही उघड्यावरच असता.

मोतीबिंदू, हर्निया, मूतखडा, गुडघे यांना सहसा २४ महिने थांबावं लागतं, शुगर असो वा नसो. आणि जुनी कोटेशनं बाजूला ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक पॉलिसीवर जीएसटी शून्य आहे. कागदावर अजून १८ टक्के दिसत असतील तर नवीन मागवा.

सांगलीकर_४१
ही खोलीची गोष्ट कुणी सांगितली नव्हती. मग चौघांना १० लाख घेऊ की ५ लाख आणि वर टॉप-अप?

बिलाची_चिरफाड
५ लाखांची चांगली बेस पॉलिसी आणि त्यावर सुपर टॉप-अप, बहुधा हे स्वस्त पडेल. दोन्ही कोटेशनं मागवून ताडून बघा. फक्त 'सुपर' हा शब्द बघून घ्या. एकाच वर्षात ४-४ लाखांची दोन आजारपणं आली आणि डिडक्टिबल (टॉप-अप सुरू होण्याआधी खर्च व्हायला हवी ती रक्कम) ५ लाख असेल, तर साधा टॉप-अप एक रुपयाही देत नाही, कारण तो प्रत्येक बिल सुटं मोजतो. सुपर टॉप-अप वर्षाची बेरीज करतो आणि वरचे ३ लाख देतो.

मिरज_डेस्क
आईंसाठी काही कंपन्या २० टक्के को-पे लावतात, म्हणजे क्लेमचा तेवढा वाटा तुम्ही भरायचा. तोही हिशेबात धरा. कंपनीने नाहीच म्हटलं तर 'आरोग्य संजीवनी' (सगळ्या कंपन्यांत सारख्याच अटींची पॉलिसी) विचारा: को-पे ५ टक्केच, पण खोली २ टक्के आणि कमाल ५,०००, शिवाय मोतीबिंदूला कमाल ४०,०००. म्हणजे खोलीचा वरचा हिशेब तिथेही लागू.

रेशनकार्ड असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजना आहेच, ५ लाखांपर्यंत, पण यादीतल्या उपचारांना आणि यादीतल्याच हॉस्पिटलात. आई ७० च्या झाल्या की आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, त्याला उत्पन्नाची अट नाही.

पॉलिसी हातात आली की ३० दिवसांच्या आत वाचून काढा. नको वाटली तर त्या मुदतीत परत करता येते. खोली आणि को-पे ही दोन कलमं आधी वाचा, पहिल्या पानावर ती सापडायची नाहीत.