नाणं 'पाम' करणं : आपल्याकडे याला काय म्हणतात?

बेचकी
यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावात शिकवतो. नाण्यांच्या जादूचा नाद लागून चार वर्षं झाली. शिकवायला माणूस नाही, सगळी भिस्त पुस्तकावर. बोबो नावाच्या अमेरिकी जादूगाराचं १९५२चं 'मॉडर्न कॉइन मॅजिक' जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालं होतं, ते उशाशीच असतं. आता सातवीतल्या दोन पोरांनाही वेड लागलंय, म्हणून त्यांच्यासाठी वहीत मराठीत उतरवतोय आणि पहिल्याच प्रकरणात बंडी रुतली. शब्द आहे 'पाम'.

मी लिहिलं, "नाणे तळहातात लपवा." दोघांनी वाचलं आणि गच्च मुठी आवळल्या. त्यांचं काय चुकलं? लपव म्हटल्यावर कोणीही मूठच मिटणार. इथे नेमकं उलटं हवं. नाणं तळव्याच्या मधोमध असतं. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा फुगवटा असतो तो एका बाजूनं, करंगळीखालचा समोरून, अशी दोघांनी त्याची कड दाबून धरायची. बोटं मोकळी. त्याच हातानं खडू उचलून फळ्यावर तारीख लिहिता आली पाहिजे.

माझं आजोळ चांदूर बाजारकडचं. बहिरमच्या जत्रेतल्या गारुड्याची गोष्ट सांगताना आजोबा म्हणायचे, "त्यानं हाच्चा ठेवला." म्हणून मी 'हातचा ठेवणे' लिहून टाकलं. आमच्या शाळेतल्या मराठीच्या मॅडम म्हणतात, असा वापर नाहीच, तो गणितातला शब्द. कोणी ऐकलाय का?

शब्दवेडी
मॅडमचं बरोबर आहे. वाक्प्रचार 'हातचे राखून' असा आहे, नपुंसकलिंगी. 'हातचा' म्हणजे बेरजेतला. सात नि आठ पंधरा, पाच लिहिले, हातचा एक. आजोबा 'हातचं ठेवलं' म्हणाले असतील, तुम्ही लहान होतात.

बेचकी
ताई, लहान होतो पण बहिरा नव्हतो. 'हाच्चा'च. आणि बेरजेतला हातचा तरी काय असतो? असतो, पण पाटीवर दिसत नाही. वेळ आली की पुढच्या घरात निघतो. नाण्याचं दुसरं काय होतं?

देववाणी
आपल्याकडे शब्द असताना ही शोधाशोध कशाला? हस्तलाघव. कामसूत्रातल्या चौसष्ट कलांच्या यादीत आहे. 'हातचलाखी'तला चलाख फारसीतून आलेला. आणि या विशिष्ट क्रियेला 'करतलगोपन' म्हणता येईल.

मुळामुठेकाठचा
करतलगोपन! पोरगं नाणं टाकून पळेल.
'पाम करणे' म्हणा आणि पुढे चला. मोबाईल चार्ज करताना अडत नाही, इथेच का अडतं?

बेचकी
देववाणी सर, राग मानू नका, पण करतल म्हटलं की मला करतलामलक आठवतं. तळहातावरचा आवळा, म्हणजे सगळ्यांना स्वच्छ दिसणारी गोष्ट. आमचं दुकान चालतं ते न दिसण्यावर.
मुळामुठेकाठच्या दादांना: 'पाम'ला हरकत नाही. पण 'पाम करा' वाचून पोराच्या हाताला काय करायचं ते कळत नाही. शब्दानं हात हलला पाहिजे, एवढंच मागणं आहे.

पांढरं_सोनं
सर, तुमी जे सांगून राह्यले थे आमी दरसाल करतो. कापूस येचताना बोंडातला कापूस काहाडला का करंगळी अन् तिच्या बाजूच्या बोटात दाबाचा, अन् राह्यलेल्या बोटायनं पुढचं बोंड धराचं. मूठ भरली का मंग ओटीत. एकेक बोंड ओटीत टाकत बसलं तं किलोवरची मजुरी काय पडणार? आमच्यात याले नुसतं 'दाबणं' म्हंतेत. माह्या सासूच्या हातात सात-आठ बोंडाइचा कापूस असते, पाहणाऱ्याले हात रिकामा वाटते.

बेचकी
ताई, तुम्ही तर फिंगर पाम सांगितलात! पुस्तकात नाणं मधल्या दोन बोटांच्या वळणात असतं, तुमच्याकडे करंगळीच्या बाजूला, पण युक्ती तीच. पुस्तक बजावतं की हात सैल ठेवा, नाणं आहे हे हातानं विसरलं पाहिजे. वेचणारीचा हात हे दुपारपर्यंत आपोआप विसरतो. काल चार बायांच्या मागे बांधावर उभा राहून पाहत बसलो, मालकाला वाटलं वजनात काही घोळ काढायला आलोय.

शब्दवेडी
'दाबणे' नको. 'त्यानं पैसे दाबले' म्हणजे अफरातफर. नाण्याच्या बाबतीत तर हमखास तोच अर्थ लागेल.

मुळामुठेकाठचा
मग 'ढापणे'? निदान गंमत तरी आहे. माझी व्युत्पत्ती: बैलाच्या डोळ्यांवरची ढापणं, म्हणजे झाकणं. झाकलं की ढापलं.

शब्दवेडी
ही तुमचीच, कुठल्या कोशाची नाही, असं लिहीत चला.

चाराणे
शब्द मागाहून ठरवा, सर पोरांना नाणं कोणतं देताहेत? ती पुस्तकं अमेरिकी अर्ध्या डॉलरवर बेतलेली, व्यास ३०.६ मिमी. आपलं दहाचं नाणं २७ मिमी, पाचचं जुनं २३, नवं २५. मोठ्या माणसाच्या तळव्यात पाचचं नाणं म्हणजे डबक्यात चिंचोका, शोधत बसा. जुना चांदीचा रुपया घ्या. एक तोळा म्हणजे ११.६६ ग्रॅम, आकार जवळपास अर्ध्या डॉलरएवढा आणि कड दातेरी, त्यामुळे कातडीला धरून राहतो. आमच्याकडे त्याला कलदार म्हणतात.

बेचकी
सातवीच्या पोराच्या हाताला दहाचं बरोबर बसतं. मी स्वतः आजीच्या कलदारावर शिकलो. आजी रोज संध्याकाळी मोजायची, एकच होता तरी.

बुधवारचा_बाजार
त्या दोन फुगवट्यांना नावं आहेत की! हात पाहणारे सांगतात ना, अंगठ्याखाली शुक्र, करंगळीच्या बाजूला खाली चंद्र. लिहा, "नाणे शुक्र-चंद्रात धरा."

बेचकी
वा! लिहिलं. आज पोरांना वाचून दाखवलं. मूठ नाही मिटली. पहिल्यांदाच.

चाराणे
सर, तुम्ही गणित-विज्ञानाचे ना? जादू शिकवायची ती बुवाबाजी उघडी पाडायला, आणि वहीत शुक्र-चंद्र? कोणी पालक वही उघडून पाहील तर म्हणेल, मास्तर भविष्य शिकवतो.

बेचकी
हे खरंच लक्षात नव्हतं आलं. मी मराठी शिकवत नाही एवढंच सांगितलं होतं, गणित तुम्ही कसं ओळखलं?

चाराणे
हातच्यावरून.

शब्दवेडी
हातचा निघालाच आहे तर विचारते. आमच्याकडे वजाबाकीत 'हातचा घेतला' म्हणत. आता मुलीच्या शाळेत 'उसना घेतला' म्हणतात. विदर्भात काय?

पांढरं_सोनं
उसना म्हणजे वापस कराचा. वजाबाकीत कोन वापस करते?

देववाणी
जुन्या रीतीत करत. वर दहा वाढवले की खाली पुढच्या घरात एक मिळवत, तेव्हा परतफेड व्हायची. आता शेजारच्या घरातून घेतात आणि तिथला एक कमी करतात, परत काही जात नाही. म्हणजे फेडायच्या रीतीला हातचा म्हणायचे आणि न फेडायच्या रीतीला उसना म्हणतात.

मुळामुठेकाठचा
सर्वांनाच उसनं घेतल्यासारखं वाटतंय. धागा कशाचा होता?

बेचकी
माझा होता. बरं, ताजी खबर. पोरांनी स्वतःच क्रियापद काढलंय. धाकटा थोरल्याला म्हणत होता, "तुनं पामला नाही बे, पडला पाह्य." पामणे. मी काही बोललो नाही.

देववाणी
बोलायला हवं होतं.

शब्दवेडी
'तुनं पामला' म्हणजे सकर्मक, चांगलं आहे. पण 'पामला' पुल्लिंगी का? नाणं नपुंसक.

पांढरं_सोनं
रुपया असन मनात.

बेचकी
ते असू द्या. पुढच्या प्रकरणात 'पास' आलाय. उजव्या हातातलं नाणं डाव्यात दिलं असं दाखवायचं आणि द्यायचं नाही, त्याला ते पास म्हणतात. पोरं विचारतात, सर, कोण पास झालं? 'हूल देणे' लिहू का? कबड्डीतली हूल पोरांना माहीत आहे.

बुधवारचा_बाजार
हूल पायाची. हाताचा तो झांसा.

मुळामुठेकाठचा
नवीन धागा काढा.

शब्दवेडी
थांबा, आधी वजाबाकीचं मिटू द्या.