पापण्यांची एक्स्टेन्शन्स घरच्या घरी सुरक्षितपणे कशी काढावीत?

प्रश्न : तळकोकणी

नमस्कार. चुलतबहिणीच्या लग्नाच्या निमित्ताने पुण्याला गेले असताना तिथल्या एका पार्लरमध्ये पापण्यांना एक्स्टेन्शन्स, म्हणजे ग्लूने चिकटवलेले कृत्रिम केस, लावून घेतली होती. त्याला आता महिना होत आला. निम्मी आपोआप गळून गेली, उरलेली वेडीवाकडी वळली आहेत, आणि डाव्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्यात काही केस एकमेकांना चिकटून त्यांची जणू एक काडी झाली आहे. तोंड पुसताना टॉवेलचा धागा तिथे अडकला की पापणीच्या मुळाशी कळ येते.

मी कणकवलीला राहते. हे काम करणारे जवळपास माझ्या माहितीत कोणी नाही. कोल्हापूरला किंवा गोव्याला जायचे तर सगळा दिवस मोडतो आणि घरी लहान मूल आहे. जिथे लावली तिथे फोन केला, तर "काढायला इथेच यावे लागेल" एवढेच उत्तर मिळाले. व्हिडिओंमध्ये कोणी खोबरेल तेल सांगते, कोणी वाफ घ्यायला सांगते, कोणी कापसावर नेलपॉलिश रिमूव्हर घेऊन पापणीवरून फिरवते, तर कोणी सरळ चिमट्याने ओढून दाखवते. यांतले घरी करण्यासारखे नेमके काय आहे, आणि कोणत्या टप्प्यावर थांबून डॉक्टरांकडे जावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे. मी कॉन्टॅक्ट लेन्स वापरते, हेही सांगून ठेवते.

उत्तर : लॅशकाम_पुणे

पापण्यांना एक्स्टेन्शन्स लावणे आणि काढणे हाच माझा व्यवसाय आहे, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

सर्वांत आधी, नेलपॉलिश रिमूव्हरचा विचार पूर्णपणे सोडून द्या. या कामात वापरला जाणारा ग्लू सायनोॲक्रिलेट जातीचा असतो, म्हणजे तुटलेली वस्तू जोडण्यासाठी आपण दुकानातून जी झटपट चिकटणारी छोटी ट्यूब आणतो तिच्याच कुळातला, आणि तो ॲसिटोनमध्ये विरघळतो हे खरे असल्यामुळेच हा सल्ला अनेकींना पटतो. परंतु ॲसिटोन पाण्यासारखे पातळ असते, पापणीच्या कडेवरून क्षणात डोळ्यात उतरते आणि बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या वरच्या नाजूक थराला इजा करते. कापूस कितीही घट्ट पिळून घेतला तरी डोळ्याला टेकवल्यावर त्यातून थेंब सुटणार नाही याची खात्री कोणीही देऊ शकत नाही.

चिमट्याने ओढणे का टाळायचे, हे समजण्यासाठी एक्स्टेन्शन कसे बसवलेले असते ते लक्षात घ्या. ते कातडीला चिकटवलेले नसते. तुमच्या स्वतःच्या एकेका केसावर, मुळापासून साधारण एक मिलिमीटर अंतर सोडून, एक कृत्रिम केस जोडलेला असतो. हा जोड केसाच्या मुळापेक्षा पक्का असू शकतो, त्यामुळे कृत्रिम केस ओढला की जोड सुटण्याऐवजी तुमचा स्वतःचा केसच मुळासकट बाहेर येतो. वरच्या पापणीला साधारण 90 ते 160 केस असतात. त्यांतले काही वाढत असतात, काही वाढ संपवून गळण्याच्या बेतात असतात. गळायला आलेला केस सहज निघतो आणि दुखतही नाही, म्हणून पहिले दोन केस ओढून निघाले की माणसाला धीर येतो. पुढचा केस मात्र भर वाढीतला असतो. असा उपटलेला केस पुन्हा पूर्ण लांबीचा व्हायला दोन महिने किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो, आणि तेच मूळ पुन्हा पुन्हा दुखावले गेले तर तिथे केस येणे कायमचे थांबू शकते.

आता घरी करता येण्यासारखे काय, ते सांगते. स्वाभाविकपणे रोज एक ते पाच केस गळतात आणि त्यांच्याबरोबर त्यांच्यावरचे एक्स्टेन्शनही जाते. तुमची निम्मी अशीच गेली आहेत. जी सरळ आहेत आणि ज्यांचा काही त्रास नाही, त्यांना हात न लावता आणखी तीन-चार आठवडे जाऊ देणे हाच सर्वांत सुरक्षित मार्ग आहे. डोळे विरळ आणि ओबडधोबड दिसतील, पण तुमचे स्वतःचे केस शाबूत राहतील.

जी वाकडी झाली आहेत आणि ज्यांचा जोड आधीच सैल पडला आहे, ती तेलाने सुटतात. तेलाने पक्का ग्लू विरघळत नाही, ही गोष्ट व्हिडिओंमध्ये सांगितली जात नाही. उष्णता, ओलावा आणि तेल यांनी जुना जोड हळूहळू कमकुवत होतो, इतकेच घडते, आणि त्याला एक रात्र पुरत नाही. आधी हात धुवा, लेन्स काढून ठेवा आणि काजळ वगैरे असेल तर स्वच्छ करा. स्वच्छ सुती रुमाल कोमट पाण्यात बुडवून पिळा, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून तो सोसवतो ना हे पाहा आणि मिटलेल्या डोळ्यांवर पाच-दहा मिनिटे ठेवा. पातेल्यावर वाकून वाफ घेऊ नका, पापणीची कातडी फार पातळ असते. नंतर कापसाच्या काडीला तेल लावून ती दुसऱ्या कापसावर टेकवा, म्हणजे जास्तीचे तेल निघून जाईल, आणि डोळा मिटलेला ठेवून जोडाच्या जागेवरून टोकाकडे अशी हलकेच फिरवा. मुळाकडे किंवा डोळ्याच्या आतल्या कडेकडे तेल नेऊ नका. पंधरा-वीस मिनिटांनी मस्काऱ्याच्या धुतलेल्या रिकाम्या ब्रशने टोकाच्या बाजूने विंचरा. जे ब्रशबरोबर येईल ते येऊ द्या. जिथे ब्रश अडला तिथे थांबा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा हेच करा.

व्यावसायिक रिमूव्हर ऑनलाइन मागवण्याचा विचार असेल, तर त्यातली मोठी अडचण आधी समजून घ्या. आम्ही ते वापरतो तेव्हा समोरची व्यक्ती आडवी झोपलेली असते, खालच्या पापण्या जेल पॅडखाली झाकलेल्या असतात आणि काम संपेपर्यंत दोन्ही डोळे मिटलेले असतात. स्वतःच्या पापण्यांना रिमूव्हर लावायचे तर आरशात पाहण्यासाठी एक डोळा उघडा ठेवावा लागतो आणि मिटलेला डोळाही सतत फडफडतो. याच फटीतून रिमूव्हर आत जाते. जवळ कोणी स्थिर हाताचे माणूस असेल तरीसुद्धा पातळ द्रव किंवा जेल न घेता घट्ट क्रीमचेच रिमूव्हर घ्यावे, कारण ते लावलेल्या जागी राहते. पण तुमच्यासारखी निम्मी एक्स्टेन्शन्स गळून गेली असतील, तर तेवढ्यासाठी हा धोका पत्करावा असे मला वाटत नाही.

कोपऱ्यातल्या चिकटलेल्या केसांविषयी मात्र मला वेगळे सांगायचे आहे. लावताना दोन-तीन नैसर्गिक केस वेगवेगळे न करता एकाच ग्लूमध्ये अडकले, तर पुढे त्यांतला वाढणारा केस शेजारच्या थांबलेल्या केसाला ओढू लागतो. तुम्हाला येणारी कळ बहुधा त्याचीच आहे. ही "काडी" सुईने किंवा चिमट्याने फोडू नका आणि आरशात पाहून कात्रीने कापूही नका. तीन-चार दिवस तेल लावून ती सुटली नाही, तर जाणकाराच्या हाताची गरज आहे असे समजा.

उत्तर : नेत्रतपासणी

मी ऑप्टोमेट्रिस्ट (दृष्टी तपासून चष्म्याचा नंबर देणारी) म्हणून काम करते. वरचे उत्तर नीट आणि जबाबदारीने लिहिलेले आहे. त्यात डोळ्यांच्या बाजूने थोडी भर घालते.

कोपऱ्यातल्या गुंत्यासाठी तुम्हाला पार्लरच गाठावे लागेल असे नाही. नेत्रतज्ज्ञांच्या दवाखान्यात स्लिट लॅम्प नावाचे उपकरण असते. हनुवटी टेकवून आपण ज्याच्यासमोर बसतो तेच हे उपकरण, आणि त्यातून पापणीचा एकेक केस मुळापर्यंत मोठा दिसतो. डोळ्यात वळलेला केस काढणे हे नेत्रतज्ज्ञांचे नित्याचे काम आहे. त्यामुळे चिकटलेले दोन-तीन केस मोकळे करणे, नाहीच सुटले तर तेवढेच जपून काढणे आणि कॉर्नियावर, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यावर, ओरखडा उठला आहे का हे त्याच वेळी पाहणे, एवढे सगळे कणकवलीतच होऊ शकेल. जाताना एक्स्टेन्शन्स केव्हा लावली आणि तेव्हापासून काय काय लावून पाहिले, हे न संकोचता सांगा.

पुढील गोष्टी दिसल्या तर मात्र घरचे सर्व उपाय थांबवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे : डोळा लाल होऊन दुखणे, उजेड सहन न होणे, दृष्टी अंधूक होणे आणि डोळे धुऊनही ती तशीच राहणे, पिवळसर चिकट स्राव येणे किंवा पापणी सुजणे. पापण्यांना खाज आणि सूज असेल तर ती ग्लूची ॲलर्जीही असू शकते. पूर्वी अनेकदा लावूनही काही झाले नव्हते, म्हणून आताही होणार नाही, असे समजू नका. ही ॲलर्जी नंतरही सुरू होऊ शकते.

तेलासंबंधी एक सूचना. स्वयंपाकघरातल्या किंवा न्हाणीघरातल्या बाटलीत अनेकांची बोटे बुडालेली असतात. डोळ्यांसाठी न उघडलेली लहान बाटली आणा आणि वापरलेली काडी पुन्हा तिच्यात बुडवू नका. तेल डोळ्यात गेले तर काही वेळ धुरकट दिसते. तेवढ्यापुरते घाबरण्याचे कारण नाही, पण तशा स्थितीत लेन्स घालू नये. हा सगळा खटाटोप संपेपर्यंत चष्मा वापरा. लेन्सवर तेलाचा थर बसला की तो सहज निघत नाही आणि त्यावर घाण धरते.

रिमूव्हर किंवा दुसरे कोणतेही रसायन डोळ्यात गेलेच, तर डोळा न चोळता लगेच स्वच्छ वाहत्या पाण्याखाली पापण्या बोटांनी उघड्या धरून निदान पंधरा मिनिटे धुवा आणि मग डॉक्टरांकडे जा. आधी दूरध्वनी करून विचारण्यात वेळ घालवू नका.

उत्तर : वाशीची वाचक

माझ्या मते प्रश्नात एक गोष्ट आणखी स्पष्ट व्हायला हवी, कारण हा धागा वाचणाऱ्या इतर मुलींचा तिथेच गोंधळ होईल. एकेका केसावर बसवलेली एक्स्टेन्शन्स, झुपक्याझुपक्यांनी घरी लावायचे क्लस्टर आणि एका पट्टीवर असलेल्या कृत्रिम पापण्या हे तीन वेगवेगळे प्रकार आहेत. पट्टीचा गोंद सौम्य असतो. तेलयुक्त मेकअप रिमूव्हर कापसावर घेऊन मिटलेल्या डोळ्यावर अर्धा मिनिट धरला की पट्टी बाहेरच्या कोपऱ्याकडून आत अशी अलगद निघते. क्लस्टरबरोबर त्याच कंपनीचे रिमूव्हर येते आणि त्याच्या वेष्टनावरच्या सूचना पाळाव्या लागतात. व्हिडिओत पाच मिनिटांत सगळे निघालेले दाखवतात तेव्हा बहुतेक वेळा पट्टी किंवा क्लस्टर असते, आणि तेच पाहून पार्लरमध्ये लावलेल्या एक्स्टेन्शन्सवर प्रयोग केले जातात. तळकोकणीताईंची पहिल्या प्रकारातली आहेत हे वर्णनावरून कळते, म्हणून त्यांनी वरचे उत्तर प्रमाण मानावे.

तळकोकणी

सर्वांचे मनापासून आभार. नेत्रतज्ज्ञ हे काम करू शकतात हे माझ्या लक्षातच आले नव्हते. परवाची वेळ घेतली आहे. तोपर्यंत कोपऱ्याला हात लावणार नाही आणि बाकीच्या ठिकाणी शेक आणि तेल एवढेच करीन. सकाळच्या गारव्यात खोबरेल गोठते, ते पातळ करून घेतले तर चालेल का? आणि सगळे निघाल्यावर पापण्या पुन्हा दाट व्हाव्यात म्हणून एरंडेल लावावे असे सासूबाई सांगतात, त्याविषयीही लिहावे. काजळ केव्हापासून चालेल?

उत्तर : लॅशकाम_पुणे

खोबरेल गोठले असेल तर बाटली कोमट पाण्यात उभी ठेवा, गॅसवर धरू नका. पातळ झालेले तेल हाताला गार लागेल तेव्हाच वापरा. शेक देऊन झाल्यावर तेल, आणि झोपण्यापूर्वी लहान मुलांच्या सौम्य शॅम्पूचा एक थेंब भरपूर पाण्यात मिसळून, डोळे मिटून पापण्या हलक्या हाताने धुवायच्या, हा क्रम सोडू नका. तेल रात्रभर राहू दिले तर पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींची तोंडे तेल आणि मळाने बुजतात आणि रांजणवाडी होण्याची शक्यता वाढते. एरंडेल फार घट्ट असते आणि धुऊन निघायला कठीण जाते, म्हणून काढण्याच्या कामासाठी मी ते सुचवत नाही.

उत्तर : नेत्रतपासणी

एरंडेलाने पापण्या वाढतात याला भक्कम पुरावा नाही. सासूबाईंच्या समाधानासाठी टोकांना अगदी पुसटसे लावले तर बिघडणार नाही, मात्र त्यावर अवलंबून राहू नका. पापण्यांचे केस मुळापासून शाबूत असतील तर ते आपल्या गतीने परत येतात. वाढीसाठी बिमॅटोप्रॉस्ट नावाचे औषध आहे. अमेरिकेत 2008 साली त्याला या कारणासाठी मान्यता मिळाली. ते मुळात काचबिंदूचे औषध आहे, त्याने पापणीची कातडी काळवंडू शकते आणि बुबुळाचा रंग कायमचा गडद होऊ शकतो, त्यामुळे डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ऑनलाइन मिळणारे कोणतेही "लॅश सीरम" लावू नका. काहींमध्ये याच वर्गातली द्रव्ये असतात.

काजळ आणि मस्कारा दोन्ही शेवटचे एक्स्टेन्शन निघाल्यानंतर आठ-पंधरा दिवस बंद ठेवा, आणि सुरू कराल तेव्हा नवीन आणा. जुनी काडी एक्स्टेन्शन्स असताना वापरली असेल तर ती टाकून द्या. काजळ आतल्या कडेवर न भरता पापणीच्या बाहेरून लावा. वॉटरप्रूफ मस्कारा आणखी काही आठवडे टाळा, कारण तो काढताना पापण्या चोळल्या जातात आणि नव्याने येणारे केस तेवढ्याने तुटतात. परवा तपासणीला जाताना लेन्स घालू नका. लेन्सची डबी मात्र बरोबर न्या आणि लेन्स पुन्हा केव्हा सुरू करायच्या हे डॉक्टरांनी डोळा पाहिल्यानंतर त्यांनाच विचारा.